लाल दिवा आणि कपाट
दिवाळीच्या साफसफाईत मीच कपाट भिंतीकडे सरकवले आणि त्या संध्याकाळी घरातले इंटरनेट बंद पडले. आमची जोडणी २००० साली स्थापन झालेल्या भारत संचार निगमची, फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने संदेश आणणारी. दूरध्वनीही इंटरनेटच्याच पेटीवर (मोडेमवर) चालत असल्याने तोही मुका झाला. पेटीवरचा ‘एलओएस’ दिवा लाल लुकलुकत होता, म्हणजे तारेतून प्रकाशच पोहोचत नव्हता, तेव्हा पेटी पुन्हापुन्हा बंद-चालू करणे व्यर्थ होते (तरी मी ते तीनदा केले). कपाट ओढून पाहिले, तर मागची पिवळी पॅचकॉर्ड, म्हणजे पेटीला जोडणारी फायबरची छोटी तार, काटकोनात दबलेली. काचेच्या तंतूला असा बाक आला की प्रकाश बाहेर निसटतो. ती मोकळी करून सैल वेटोळ्यात ठेवली, हिरवे टोक ‘खट्’ आवाज येईपर्यंत बसवले, आणि थोड्याच वेळात लाल दिवा विझला.