सांघिक स्पर्धेची तयारी: यादीत आधी जोड्या

नवा राष्ट्रीय बॅडमिंटन संघ मोठ्या स्पर्धेला निघतो, तेव्हा सगळ्या आशा बहुधा देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या एकेरीच्या खेळाडूवर असतात. मी मात्र यादीत सर्वांत वर दुहेरीच्या जोड्या लिहीन. सुदिरमन करंडक या मिश्र संघांच्या जागतिक स्पर्धेत दोन संघांच्या लढतीत पाच सामने असतात आणि त्यांतले तीन दुहेरीचे: पुरुष, महिला आणि मिश्र. एकेरीतला तारा कितीही मोठा असला तरी एकेरीत तो एकच सामना जिंकून देऊ शकतो. थॉमस (पुरुष संघ) आणि उबर (महिला संघ) करंडकातही पाचांपैकी दोन सामने दुहेरीचेच. शिवाय एकेरीतली दरी भरायला वर्षं जातात. दुहेरीत सर्व्हिस, तिसरा फटका आणि जागांची अदलाबदल पक्की बसली, तर वरच्या जोडीलाही तिसऱ्या गेमपर्यंत झुंजवता येतं.

म्हणून जोड्या निदान वर्षभर आधी ठरवा आणि दोन-चार पराभवांवरून मोडू नका. जागतिक क्रमवारीचे गुण जोडीच्या नावावर जमा होतात. जोडीदार बदलला की नव्या जोडीची सुरुवात शून्यापासून. गेल्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम १० स्पर्धांचे गुण धरले जातात. तेव्हा हाती असलेला पैसा एकाच झगमगीत दौऱ्यावर उधळण्यापेक्षा इंटरनॅशनल चॅलेंज, इंटरनॅशनल सिरीज आणि फ्युचर सिरीज या खालच्या पातळीवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जोड्यांना वारंवार उतरवा. तिथे जिंकता येण्याजोगे प्रतिस्पर्धी भेटतात.

सरावाच्या शटलवर काटकसर करू नका, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं. नायलॉनच्या किंवा पिसं तुटलेल्या शटलवर बसलेला हात १६ पिसांच्या कोऱ्या शटलवर चुकतो, विशेषतः नेटजवळ. शेवटच्या काही आठवड्यांत स्पर्धेतल्याच बनावटीचं आणि वेगाचं शटल वापरा. ठिकाण उंचावर असेल तर विरळ हवेत शटल लांब जातं, हेही आधी विचारात घ्या. वेग तपासायची पद्धत प्रत्येक खेळाडूला यायला हवी: मागच्या सीमारेषेवरून खालच्या हाताने पूर्ण ताकदीने मारलेलं शटल समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३० ते ९९० मिलिमीटरमध्ये पडलं पाहिजे.

सर्व्हिसचं काम आजच सुरू करा. फटका बसताना संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावं लागतं. घरच्या सामन्यांत बहुतेकदा सर्व्हिस जज (फक्त सर्व्हिस तपासणारा पंच) नसतो, त्यामुळे ही चूक कुणी दाखवत नाही, आणि पहिल्याच मोठ्या सामन्यात लागोपाठ फॉल्ट मिळाले की खेळाडू खचतो. त्या उंचीवर आडवी दोरी बांधा आणि रोज कुणाला तरी तिथे तपासायला बसवा. उंच खेळाडूंकडे जास्त लक्ष द्या.

मोठ्या सभागृहात वातानुकूलनाच्या झोतामुळे शटल एका बाजूला सरकतं. तिथल्या सरावाच्या वेळेत ड्रिल उरकत बसू नका. दोन्ही टोकांकडून लांब क्लिअर (मागच्या रेषेपर्यंत जाणारे उंच फटके) मारून कुठल्या टोकाकडून शटल जास्त वेगाने जातं ते टिपा आणि नाणेफेकीत काय मागायचं ते ठरवा. तिसऱ्या गेममध्ये ११ गुणांवर टोकं बदलतात, हे लक्षात ठेवून नोंद करा. त्याच ११ गुणांवर प्रत्येक गेममध्ये ६० सेकंदांची विश्रांती असते, आणि दोन गेमच्या दरम्यान १२० सेकंदांची. त्या मिनिटात प्रशिक्षकाने एकच गोष्ट सांगावी. कोण बोलणार, तेही आधी ठरलेलं असावं.

बाकीचं भराभर: प्रत्येकाकडे सारख्याच ताणाच्या, तार भरलेल्या तीन-चार रॅकेट, जादा ग्रिप आणि जोडीला एकाच रंगाचे टी-शर्ट. औषधं मात्र सावकाश तपासा. सर्दीच्या साध्या गोळीत स्युडोएफेड्रिन असू शकतं आणि स्पर्धेच्या काळात ते ठरावीक मर्यादेपलीकडे निषिद्ध आहे. गोळी घेण्याआधी संघाच्या डॉक्टरांना विचारायचं, हा नियम सगळ्यांना लागू.

शेवटी गटातल्या लढतींचा हिशेब. सुदिरमनच्या गटात लढत ०-३ ने गेली तरी उरलेले सामने खेळवले जातात, आणि तीन किंवा अधिक संघ बरोबरीत आले की जिंकलेले सामने, गेम आणि गुण मोजले जातात. बलाढ्य संघाविरुद्ध मिळवलेला एक गेमही पुढे कामी येऊ शकतो. चौथ्या आणि पाचव्या सामन्याला उतरणाऱ्यांना हे गणित लढतीच्या आदल्या रात्रीच समजावून सांगा, आणि त्यांचा वॉर्म-अप पहिल्या सामन्याइतकाच काटेकोर घ्या.