तीनात चार: हार्डवेअर सिक्वेन्सरवर पॉलिरिदम बसवताना

सांगली-मिरज भागात ज्याच्या हाती पहिल्यांदा सिक्वेन्सर (ठरवून दिलेले ठोके क्रमाने वाजवणारं मशीन) येतो, तो बहुधा बँजो पार्टीतल्या ऑक्टोपॅडवरून नाहीतर तबल्याच्या क्लासातून आलेला असतो. लय अंगात असतेच, अडतं ते मशीनच्या हिशोबात. पहिला गोंधळ तर ठरलेलाच: एका ट्रॅकची (एका वाद्याच्या ओळीची) लांबी १६ स्टेप, म्हणजे १६ घरं, दुसऱ्याची १२, दाबलं प्ले आणि म्हणे झालं पॉलिरिदम.

ते पॉलिमीटर. त्यात सगळ्या स्टेप एकाच वेगाने पडतात, आवर्तनं तेवढी लहानमोठी. दोघांची सम सुटते आणि लसाविला पुन्हा गाठ पडते. १६ आणि १२ चा लसावि ४८, म्हणजे १६-१६ स्टेपचे तीन बार. १६ आणि ७ ला ११२ स्टेप, म्हणजे सात बार. हौसेने १६, १५, १४ आणि १३ असे चार ट्रॅक लावले तर लसावि २१,८४० वर जातो. १२० च्या टेम्पोला (मिनिटाला १२० ठोके) सगळे समेवर यायला पाऊण तास लागतो, तोवर ऐकणारा घरी जाऊन जेवलेला असतो. पॉलिरिदममध्ये आवर्तन एकच असतं आणि सम दर वेळी एकत्र येते. मधली जागा मात्र एकजण चार भागांत वाटतो, दुसरा तीन भागांत. पॉलिमीटर वाईट नाही, पण काय हवंय ते आधी ठरवा. मशीनवरची पुढची सगळी बटणं त्यावर अवलंबून आहेत.

मशीन सुरू करण्याआधी तोंडाने म्हणा. तीन विरुद्ध चारसाठी वहीत १२ घरं आखा. चारवाला १, ४, ७, १० वर पडतो, तीनवाला १, ५, ९ वर. दोन्ही मिळून बोल असे होतात:

धा ऽ ऽ ति ट ऽ ना ऽ ति ट ऽ ऽ

उजव्या हाताने चारवाला, डाव्याने तीनवाला, तोंडात हे बोल. ६० ते ७० च्या लयीत न अडखळता जमलं की मगच पुढे. जे हाताला येत नाही ते स्क्रीनवर बरोबर दिसलं तरी चुकलंय की नाही हे कान सांगू शकत नाही.

साध्या, एकाच लांबीच्या मशीनवरही हे बसतं. पॅटर्नची लांबी १२ करा आणि वहीतली घरं तशीच स्टेपवर उतरवा: ढोल १, ४, ७, १० वर, हलगी १, ५, ९ वर. एक खुबी लक्षात ठेवा. मशीन चार स्टेपचा एक ठोका धरतं आणि इथे ठोका तीन स्टेपचा आहे. म्हणून कानाला १२० ची लय हवी असेल तर आकडा ९० ठेवायचा, पाऊणपट. हे विसरलं की सगळं धावत सुटतं आणि लोक पॅटर्नलाच दोष देतात.

ट्रॅकगणिक लांबी आणि वेग देणारं मशीन असेल तर काम सोपं. इलेक्ट्रॉन कंपनीच्या डिजिटॅक्ट या मशीनवर स्केल मेन्यूत 'पर पॅटर्न'च्या जागी 'पर ट्रॅक' निवडा. ढोलाचा ट्रॅक १६ स्टेप, वेग एकपट. हलगीचा ट्रॅक १२ स्टेप, वेग ३/४. पाऊणपट वेगाच्या १२ स्टेप बरोबर १६ स्टेपची जागा घेतात. मग ढोल १, ५, ९, १३ वर आणि हलगी १, ५, ९ वर. सम आपोआप जुळते. हलगी भरगच्च हवी असेल तर २४ स्टेप आणि ३/२ वेग, म्हणजे आपली दीडपट. त्यात हलगीचा ठोका आठ स्टेपचा होतो, तेव्हा रेला (जलद बोलांची भर) भरायला जागा मिळते.

पाचसाठी असा तयार वेग त्यावर नाही. तिथे मायक्रोटायमिंग लागतं: ट्रिग (स्टेपवर लावलेला ठोका) दाबून धरायचा आणि डाव्या-उजव्या बाणाने सरकवायचा. एक स्टेप म्हणजे २४ बारीक भाग, बार म्हणजे ३८४. ३८४ भागिले ५ म्हणजे ७६.८. म्हणून एका बारमध्ये पाच ठोके बसवायचे तर ट्रिग १ जागच्या जागी, ४ ला +५, ७ ला +१०, ११ ला −१०, १४ ला −५. पूर्णांकात आणल्याने होणारी चूक १२० च्या टेम्पोला सुमारे दोन मिलिसेकंद, कुणालाही ऐकू येणार नाही. स्विंग (एकाआड एक स्टेप उशिरा पाडणं) मात्र ५० टक्क्यांवर, म्हणजे बंद ठेवा. नाहीतर हे सगळं गणित वाया.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त मास्टर लेंग्थमध्ये, म्हणजे पूर्ण पॅटर्नच्या लांबीत. पर ट्रॅक मोडमध्ये ही लांबी संपली की सगळे ट्रॅक पुन्हा पहिल्या स्टेपवर ओढले जातात. पॉलिमीटर करताना ती १६ वर राहिली तर १२ चा ट्रॅक दर बारला अर्ध्यातून तुटतो आणि गाठ पडायची वेळच येत नाही. १६ आणि १२ साठी ती ४८ करा. अनंतवर ठेवली तर तुटणार नाही, पण 'चेंज'ची (पॅटर्न किती स्टेपनंतर बदलायचा याची) किंमत दिली नसेल तर रांगेत लावलेला पुढचा पॅटर्न येतच नाही. स्टेजवर हे फार वाईट वेळी कळतं.

दुसरं, मिडी क्लॉक, म्हणजे दोन मशीन एका लयीत ठेवणारा सिग्नल. एका ठोक्याला २४ टिक येतात. चार भाग केले तर सहा-सहा, तीन केले तर आठ-आठ, पाच केले तर ४.८, म्हणजे टिकवर बसतच नाही. ठोक्याचे पाच भाग दुसऱ्या मशीनवर वाजवायचे असतील तर त्याला क्लॉक मोजायला लावू नका. मुख्य मशीनकडूनच नोट पाठवा.

आवाजांची निवड अर्धी बाजी मारते. दोन्ही बाजू एकाच जाडीच्या असतील तर कान त्यांची एकच ओळ करतो, म्हणून चारला खालचा ढोल आणि तीनला कडक हलगी. ढोलाची शेपूट पुढच्या ठोक्याआधी संपेल इतका डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) कमी करा. हेडफोनवर डावं-उजवं करून वेगळेपणा आणण्याचा मोह होतो, पण मिरवणुकीच्या गाडीवरचा साउंड बहुतेक वेळा मोनो असतो, तिथे ती वाटणी पुसली जाते. मिक्स मोनोत ऐकूनच पक्का करा.

मिरजेचा तंबोरा सॅम्पल करून खाली लावायची कल्पना बहुतेकांना सुचते आणि चांगलीच आहे. पण चार तारांच्या छेडण्याला स्वतःची चाल असते आणि लूप केला की ती तिसरी लय होऊन बसते. अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) दोन-तीन सेकंदांचा ठेवा, लूपच्या टोकांना क्रॉसफेड द्या, म्हणजे शेवट सुरुवातीत विरघळू द्या, आणि तंबोऱ्याला ग्रिडवर बांधू नका. तरीही टोचत असेल तर एकाच तारेचा, खर्जाचा सॅम्पल घ्या.