विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचे काम करताना

कृषिपंपाची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री येते आणि मध्येच जातेही, त्यामुळे ‘आता लाइट नाही’ एवढ्या भरवशावर स्टार्टरची पेटी उघडण्याची सवय अनेकांना जडलेली आहे. ही सवय जिवावर बेतते. गेलेली वीज कोणत्याही क्षणी परत येते, आणि ऑटो स्विच चालू असेल तर पाठोपाठ मोटारही आपोआप सुरू होते. म्हणून वीज असो वा नसो, पुरवठा स्वतःच्या हाताने तोडल्याशिवाय पेटीत हात घालू नये.

प्रथम मोटार थांबवून ऑटो स्विच बंद करावा. मोबाइलवरून चालणारा स्टार्टर असल्यास घरी फोन करून कोणीही मोटार सुरू करू नये असे सांगावे. त्यानंतर मेन स्विच बंद करून तिन्ही किटकॅट फ्यूज (हाताने ओढून काढता येणारे चिनीमातीचे फ्यूज) काढावेत आणि ते पेटीवर न ठेवता काम संपेपर्यंत आपल्याच खिशात ठेवावेत, म्हणजे दुसऱ्या कोणाला ते नकळत बसवता येणार नाहीत. मात्र फ्यूज काढले तरी मेन स्विचमध्ये जिथे पुरवठा येतो, त्या टोकांना वीज असतेच. तिथे हात लावू नये.

पुरवठा खरोखर तुटला आहे का, हे तपासण्यासाठी केवळ टेस्टरवर विसंबू नये, कारण त्याचा क्षीण प्रकाश भर उन्हात दिसत नाही. दोन फेजमध्ये, म्हणजे पुरवठ्याच्या तीन वीजवाहक तारांपैकी कोणत्याही दोहोंमध्ये, सुमारे 415 व्होल्ट दाब असतो आणि घरगुती बल्ब 230 व्होल्टचा असतो, त्यामुळे एकच बल्ब दोन फेजना जोडल्यास तो फुटू शकतो; म्हणून तपासणीसाठी वापरायच्या टेस्ट लॅम्पमध्ये, म्हणजे तारा जोडलेल्या दिव्यात, सारख्या वॅटचे दोन बल्ब एकापुढे एक जोडलेले असावेत. हा दिवा आधी चालू पुरवठ्यावर पेटतो का ते पाहावे, मग स्टार्टरकडे येणाऱ्या प्रत्येक दोन फेजमध्ये आणि प्रत्येक फेज व आर्थिंग यांच्यात लावून पाहावा, आणि शेवटी पुन्हा चालू पुरवठ्यावर पेटवून तो मधेच बिघडला नसल्याची खात्री करावी. यावरून उघडच आहे की लाइट गेलेली असताना केलेली तपासणी काहीच सिद्ध करत नाही. शक्य असल्यास वीज असतानाच पुरवठा तोडून हे काम करावे.

पेटीत कपॅसिटर असल्यास पुरवठा तोडल्यावरही त्यात वीज साठून राहते. त्याची टोके पान्याने किंवा पक्कडीने जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत धोक्याची आहे. काही मिनिटे थांबून टोकांना तोच दोन बल्बांचा दिवा लावावा आणि मगच हात लावावा.

ओल्या जमिनीवर, अनवाणी किंवा एकट्याने हे काम करू नये. डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरजवळचे) फ्यूज स्वतः बसवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा आणि लाइनमनला बोलवावे, कारण तिथे 11,000 व्होल्टची लाइन जवळच असते आणि तिच्यापुढे रबरी चप्पल वा कोरडी काठी यांचा काहीही उपयोग नाही. तार तुटून पडली असल्यास सर्वांना दूर ठेवून 1912 या क्रमांकावर कळवावे.

सोबतच्या माणसाला मेन स्विच कुठे आहे हे आधीच दाखवून ठेवावे. मोटारीच्या पुरवठ्याचा झटका कोणाला बसला, तर त्याला न शिवता आधी तो स्विच बंद करावा. श्वास थांबला असल्यास 108 ला फोन करून छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

काम झाल्यावर स्टार्टरच्या पेटीची व मोटारीची आर्थिंगची तार घट्ट आहे का ते पाहावे. उन्हाळ्यात आर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणे आवश्यक असते, कारण कोरडी माती वीज नीट वाहू देत नाही. विहिरीत कोणी उतरलेले नाही याची खात्री करून पेटी बंद करावी, फ्यूज बसवावेत, मोटार हाताने सुरू करावी आणि ती सुरळीत चालल्यावरच ऑटो स्विच पुन्हा चालू करावा.