नेकेड मोल रॅटच्या मेंदूची स्लाइस कमी ऑक्सिजनात कशी तपासावी

केनिया, इथिओपिया आणि सोमालियात जमिनीखाली गर्दीने राहणाऱ्या नेकेड मोल रॅट या केसविरहित कृंतक प्राण्याच्या मेंदूपेशी ऑक्सिजनशिवाय किती टिकतात, हे लार्सन आणि पार्क या संशोधकांनी २००९ साली हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मृतीशी संबंधित भागाच्या) स्लाइसवर, म्हणजे जिवंत ठेवलेल्या पातळ कापांवर, दाखवलं. ऑक्सिजन पूर्ण बंद केल्यावर या स्लाइसचा विद्युत प्रतिसाद साध्या उंदराच्या स्लाइसच्या सुमारे तिप्पट वेळ टिकला आणि ३० मिनिटांपर्यंतच्या बंदीनंतरही बऱ्याच स्लाइस पूर्ववत झाल्या. ही तुलना स्वतः करायची असेल (संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी हवीच), तर बहुतेक चुका गॅस आणि तापमानात होतात.

आधी स्लाइस जिवंत ठेवणारं द्रावण. एक लिटरला सोडियम क्लोराइड ७.२५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२२, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१७, सोडियम बायकार्बोनेट २.१८ आणि ग्लुकोज १.८ ग्रॅम. मॅग्नेशियम सल्फेट व कॅल्शियम क्लोराइडच्या १ मोलर साठ्यातून प्रत्येकी २ मिलि. कॅल्शियम सगळ्यात शेवटी, आणि तेही ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे १५-२० मिनिटं सोडल्यावर. घाई केली की कार्बोनेट खाली बसतं. द्रावण दुधाळ दिसलं तर फेकून द्या, गाळून वापरू नका.

मेंदू बर्फगार द्रावणात काढून ४०० मायक्रोमीटरच्या स्लाइस कापा. वरून दमट गॅस आणि खालून द्रावण मिळेल अशा इंटरफेस चेंबरमध्ये त्यांना किमान तासभर सावरू द्या. गॅस कोरडा असला तर स्लाइसचा पृष्ठभाग सुकतो आणि पुढचं सगळं वाया जातं.

तापमान दोन्ही प्राण्यांसाठी एकच ठेवा. मोल रॅटचं शरीर ३२ अंशांच्या आसपास असतं, उंदराचं ३७. प्रत्येकाला ‘त्याच्या’ तापमानावर तपासलं तर थंड ऊती कमी ऑक्सिजन खाते एवढंच सिद्ध होईल. वयाचंही तसंच: नवजात उंदराचा मेंदूही ऑक्सिजनची टंचाई बरीच सोसतो. म्हणून प्रौढाशी प्रौढच जोडा. गंमत अशी, की नवजात मेंदूत आढळणारा एनएमडीए रिसेप्टरचा (पेशीत कॅल्शियम आत सोडणाऱ्या ग्राहकाचा) जीएलयूएन२डी हा घटक मोल रॅटमध्ये प्रौढपणीही टिकून असतो, आणि टंचाईत त्याच्या पेशींत कॅल्शियमही कमी चढतं.

शॅफर तंतूंना (हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागाकडे संदेश नेणाऱ्या तंतूंना) दर ३० सेकंदांनी विजेची उत्तेजना द्या, सीए१च्या स्ट्रॅटम रेडिएटम या थरात फील्ड प्रतिसाद (अनेक पेशींचा एकत्रित विद्युत प्रतिसाद) घ्या. २० मिनिटं प्रतिसादाची रेषा स्थिर राहिली, की ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने उतरवा. त्याची जागा नायट्रोजनने भरा, कार्बन डायऑक्साइड मात्र ५ टक्केच. तो घटला तर द्रावण अल्कधर्मी होतं आणि तुम्ही ऑक्सिजनऐवजी पीएच मोजत बसता. सिलिकॉनच्या नळ्या टाळा, त्यांतून हवेतला ऑक्सिजन आत झिरपतो. सिलिंडरवरचा आकडा म्हणजे ऊतीतला आकडा नव्हे. स्लाइसला रक्तवाहिनीचा पुरवठा नसतो, गॅस पृष्ठभागातून झिरपतो आणि मध्यभागी फार कमी पोचतो. जमल्यास ऑक्सिजन इलेक्ट्रोडने खोलीनुसार मोजा.

प्रतिसाद नाहीसा झाला म्हणजे पेशी मेली, असं धरू नका. टंचाईत जमणारा रेणू अ‍ॅडेनोसिन ए१ रिसेप्टरमार्फत सिनॅप्स (पेशींमधला संदेशाचा सांधा) आवरतो, हा बचावच असतो. डीपीसीपीएक्स (ए१ रिसेप्टर अडवणारं औषध) देऊन प्रतिसाद परतला तर कारण तेच. खरा धोका तंतूंतून जाणाऱ्या संदेशाची लहर (फायबर व्हॉली) अचानक जाते आणि ऊतीतला विद्युत विभव एकदम ऋण दिशेला कोसळतो तेव्हा. हे कोसळणं दिसायला अ‍ॅम्प्लिफायर डीसीवर (संथ बदलही दाखवणाऱ्या सेटिंगवर) हवा. एसी फिल्टर चालू राहिला तर ती उतरण गाळली जाते. मग ऑक्सिजन परत देऊन किमान ३० मिनिटं थांबा आणि प्रतिसादाचा उतार प्रयोगाच्या सुरुवातीच्या उताराच्या किती टक्के परतला ते नोंदवा.

इंधन तपासायचं असेल तर ग्लुकोज काढून तितक्याच मोलरचं फ्रुक्टोज घाला. २०१७ साली दिसलं, की मोल रॅटचा मेंदू फ्रुक्टोजवरही काम चालवतो, उंदराचा ढेपाळतो. ते घालताना बाटलीत जुनं ग्लुकोज उरलं नाही ना, हे पाहा. नळ्या नव्या द्रावणाने धुवा.