पाणवठा धरून बसताना: ताडोबात पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात ताडोबात दुपारी पारा ४५ च्या आसपास जातो आणि वाघाला पाण्यावर यावंच लागतं. म्हणून दुपारच्या फेरीत दहा ठिकाणी जिप्सी पळवू नका. एक पाणवठा धरून किमान दीड तास बसा. कोणता, ते गाईडला विचारा. सकाळी ताजे पगमार्क, म्हणजे वाघाच्या पावलांचे ठसे, कुठे पडले होते हे त्याला ठाऊक असतं.

ऊन पाठीशी येईल अशी गाडी लावा, पण झाडीतून पाण्याकडे येणारी वाट मोकळी सोडा. गाड्यांनी ती अडवली की तहानलेला वाघ आतच बसून राहतो. फोटो हुकतो त्याचं एवढं नाही, त्या जनावराचं पाणी तुटतं हे फार वाईट.

इंजिन बंद. जिप्सीत ट्रायपॉड मांडायला जागा नसते. दोन-अडीच किलो तांदूळ भरलेली बीन बॅग दांड्यावर ठेवून लेन्स तिच्यावर टेकवा. शटर १/१०००, आयएसओ ऑटो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) –०.७ ठेवा, कारण काळपट पाणी पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि वाघाच्या डोळ्यांवरचे, गालांवरचे पांढरे पट्टे जळून जातात. कॅमेरा आपोआप झोपत असेल तर मधूनमधून शटर अर्धं दाबत राहा.

आता कॅमेऱ्याकडे नव्हे, चितळांकडे बघा. पाणी पिता पिता एखादी मादी मान वर करते, कान एका दिशेला रोखते, शेपटी उभी करते आणि पुढचा पाय आपटते. ती बघते तिकडे लेन्स वळवा. एकट्या चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा देणारं ओरडणं, पुष्कळदा फसवा निघतो. सांबर ओरडलं तर मात्र जागा सोडू नका, मग अर्धा तास काही हललं नाही तरी.

दूरचा वाघ दिसताच बटण दाबत सुटू नका. तापलेल्या जमिनीवर हवा थरथरत असते, त्यामुळे शंभर मीटरवरचे पट्टे महागड्या लेन्सनेही पुसट येतात. फोकस चुकला असं वाटून नवखे सेटिंग बदलत बसतात आणि तेवढ्यात वाघ जवळ येतो.

पाण्यात तो बहुधा पाठमोरा शिरतो, मागचे पाय आधी. बसला की तरंग निवायला मिनिटभर लागतं. तेवढं थांबा आणि मग खाली प्रतिबिंबाला जागा सोडून चौकट घ्या.