या चुका टाळा: एक्का दिसला म्हणून खेळू नका राजेहो

आमच्या हिंगणघाटकडच्या गावात पोळ्यापासून दिवाळीपर्यंत पत्ते बसतातच. आधी नुसती तीन पत्ती असायची, मग पुण्याला नोकरीला गेलेल्या पोट्ट्यांनी पोकर आणलं, टेक्सास होल्डेम, हातात 2 पत्ते आणि मधात 5 उघडे. खेळ लहानच. तुरीचा एक दाणा म्हणजे 1 रुपया, 200 दाणे घेऊन बसायचं आणि हरलेल्या पैशातून रोडग्याची पार्टी. पण पार्टीचा खर्च दरवेळी त्याच चौघांच्या खिशातून काहून निघते, हे पाहून पाहून कंटाळलो, म्हणून लिहून राहिलो.

रोगाचं मूळ तीन पत्तीत आहे. 3 पत्त्यांत एक्क्याची जोडी आली की माणूस हात सोडत नाही, आणि तिथं ते बरोबरच आहे. पोकरमध्ये 7 पत्त्यांतून 5 चा हात बनते, एका जोडीचं तिथं काय कौतुक! क्रमही उलटा. तीन पत्तीत सीक्वेन्स (ओळीनं आलेले पत्ते) कलरच्या (सगळे एकाच रंगाचे, म्हणजे सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक) वर, कारण 22,100 हातांत सीक्वेन्स 720 आणि कलर 1,096. 5 पत्त्यांत सीक्वेन्स 10,200 होतात अन् कलर फक्त 5,108, म्हणून कलर वर. ट्रेल, म्हणजे एकाच आकड्याचे तीन पत्ते, बिचारी तिथं दोघांच्याही खाली. हे पाठ नसेल तर आधी बाजूला बसून बघा.

आता माझी आवडती चूक, एक्का आणि सोबत सत्ती-छक्की असं काहीतरी. ही चूक मीच केली आहे, तान्ह्या पोळ्याच्या रात्री. बदामचा एक्का, किलवरची सत्ती, सहा जण खेळात. मधात एक्का, नव्वी, चौकी उघडली अन् माझी छाती फुगली. मी 20 दाणे टाकले, चार जण पॅक, म्हणजे पत्ते टाकून बाहेर, राहिले फक्त आमचे मोठे काका. छक्की आली, मी 50 टाकले, काका तंबाखू मळत मळत "चाल" म्हणाले. शेवटी दुर्री आली, मी उरलेले सगळे लोटले. काकांकडे एक्का-राणी. जोडी दोघांचीही एक्क्याचीच, पण त्यांची राणी माझ्या सत्तीवर बसली. मग घरी जाताना डोक्यात उजेड पडला, की माझ्यापेक्षा वाईट पत्तेवाले पहिल्याच चालीला पळाले होते, थांबला तो मला हरवणाराच. एक्का-सत्ती जिंकते तेव्हा चिल्लर जिंकते आणि हरते तेव्हा पोतं रिकामं करून जाते. बादशहा-गुलामाचंही तेच, समोर एक्का-बादशहा असला तर चारातून एकदा जिंकाल. आता माझी सवय अशी, की एक्क्यासोबत दहलीच्या खालचं पान आलं अन् माझ्या आधी कोणी दाणे वाढवले, तर पत्ते फेकतो आणि चहा टाकायला उठतो.

दुसरी चूक, "रंग एक आहे न भाऊ!" म्हणून इस्पिकची नव्वी-तिर्री खेळणे. तीन पत्तीत 2 पत्ते एका रंगाचे म्हणजे एकच पान कमी, इथं अजून 3 लागतात. पाचही पत्ते उघडेपर्यंत कलर बनायची शक्यता 100 पैकी 6 च्या आसपास. त्या सहासाठी उरलेल्या चौऱ्याण्णव वेळा दाणे उधळायचे का?

अर्धा ब्लाइंड (पत्ते पाहायच्या आधी टाकावेच लागणारे दाणे) टाकलाच आहे म्हणून बाकीचा अर्धाही टाकणे: गेलेल्या दाण्यांना विसरा.

तासभर पॅक केलं, आता कंटाळा आला म्हणून काहीही खेळणे: शेंगा खा.

ब्लफ, म्हणजे पत्ते वाईट असताना दाणे वाढवून समोरच्याला पळवणे: आमच्याकडे कोणी ना कोणी शेवटपर्यंत थांबतेच, ब्लफ कोणाला मारता? काल शिकलेला पोट्टा मोबाइलवरचा, कोणते पत्ते कसे खेळायचे याचा चार्ट पाहून आज मोठा खेळाडू बनते, पण त्या चार्टमधल्या चाली समोरचा कधीतरी पळेल असं धरून असतात. इथं एक ना एक जण हरेक पान पाहायला थांबतेच.

छोटी जोडी, म्हणजे पंजीची वगैरे, तेवढी मी खेळतो, पण स्वस्तात. तिसरी पंजी पहिल्या तीन पानांत यायची शक्यता साधारण साडेआठात एकदा. म्हणून 5 दाणे लागत असतील आणि समोरच्याकडे निदान 75-100 असतील तरच. पंजी नाही आली तर लगेच पॅक, हळहळत बसायचं नाही.

आणि लाइट गेली की पत्ते उपडे करून वर वाटी ठेवा. आमच्याकडे एकदा टॉर्च लावला तेव्हा एका गड्डीत पाच एक्के निघाले होते.