घरच्या झाडाची फळं: कधी उतरवावीत, कशी पिकवावीत

फळ तयार होणं वेगळं आणि पिकणं वेगळं. आंबा, चिकू, पपई ही फळं झाडावर तयार झाली की काढून घरात पिकवता येतात. लिंबू, डाळिंब, द्राक्षं मात्र तोडली की होती तशीच राहतात, त्यांची गोडी पुढे वाढत नाही. ती झाडावरच पुरती होऊ द्या.

आंबा तयार झाला की देठाजवळचे खांदे भरून वर येतात आणि देठाशी खळगा पडतो. खात्री नसेल तर दोन फळं काढून बादलीभर पाण्यात सोडा. बुडाली तर तयार, तरंगली तर आठवडाभर थांबा. पाड लागला, म्हणजे एखादं फळ झाडावरच पिकून गळलं, म्हणून लगेच झेला (फळं उतरवायची जाळीची काठी) घेऊन धावू नका. किडलेलं फळही आधी पिकून गळतं, तेव्हा गळलेलं फळ आधी कापून बघा.

चिकू रंगावरून फसवतो. त्याची साल नखानं हलकेच खरवडा. खाली हिरवं दिसलं, चीक आला तर कच्चा. बटाट्यासारखा पिवळसर रंग दिसला तर काढायला हरकत नाही. पपईच्या टोकाला पिवळी रेघ उमटली की पुरे.

फळं सकाळी, दव वाळल्यावर आणि ऊन चढायच्या आत उतरवा. पातं आणि जाळी असलेला झेला वापरा, देठ साधारण 1 सेंटिमीटर ठेवा. फांद्या हलवून फळं पाडू नका. मार त्या दिवशी दिसत नाही. चार दिवसांनी तिथेच काळा, मऊ डाग पडतो आणि सड सुरू होते. सगळं झाडही एकदम रिकामं करू नका. एकाच झाडावरची फळं मागेपुढे तयार होतात, म्हणून दोन-तीन वेळा उतरवा.

आंब्याचा देठ मुळातून तुटला की चीक उडतो. तो सालीला भाजतो, हातालाही. असं फळ देठ खाली करून जाळीवर अर्धा तास ठेवा आणि चीक गळून गेला की पाण्यानं धुऊन कोरडं करा.

आढीसाठी, म्हणजे फळं गवतात रचून पिकवण्यासाठी, हवा खेळती राहील असं खोकं घ्या. तळाला कोरडं गवत, त्यावर एक थर फळं, पुन्हा गवत. दोन थरांपेक्षा जास्त नको, खालची दबतात. रोज बघा आणि डागी फळ लगेच बाजूला काढा, नाहीतर त्याची सड शेजारच्या फळांना लागते. लवकर हवी असतील तर एक पिकलेलं केळं आत ठेवा. कच्चा आंबा फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका: थंडीनं साल काळवंडते आणि नंतर तो नीट पिकत नाही. पूर्ण पिकल्यावर फ्रिज चालेल.

एकदम खूप पिकलं तर गर काढून डब्यांत भरा, वर बोटभर जागा सोडा (गोठताना गर फुगतो) आणि फ्रीझरमध्ये ठेवा. जॅमसाठी 1 किलो गराला 750 ग्रॅम साखर आणि 2 मोठे चमचे लिंबाचा रस घ्या. पिकलेल्या आंब्यात आंबटपणा कमी असतो, लिंबाशिवाय जॅम नीट धरत नाही. पसरट भांड्यात सतत ढवळत आटवा. थंड बशीवर थेंब टाका, बोटानं ढकलल्यावर सुरकुती पडली की गॅस बंद. बरण्या आधी 10 मिनिटं उकळून ठेवा, जॅम गरम असतानाच भरा. साखर कमी घातली असेल तर बरणी फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर बुरशी धरते.